ठसा, भुकटी आणि रंगवलेली माती

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात घरफोडीच्या जागी जाऊन बोटांचे ठसे शोधण्याचे काम ज्या पोलीस अंमलदारांकडे होते, त्यांच्यापैकी काहींच्या हातांना कंप सुटला आहे आणि त्याचे कारण त्यांच्या पेटीतील भुकटीत दडलेले आहे, असे दाखवून देणारा एक निबंध १९४९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती भुकटी म्हणजे एक भाग पारा आणि दोन भाग खडू घोटून केलेले एक जुने औषध होते. त्या काळच्या औषधसंहितेत त्याला मानाचे स्थान असून पोट साफ होण्यासाठी ते लहान मुलांनाही देत असत. औषध म्हणून पुढे ते मागे पडले. पण काळ्या किंवा गडद पृष्ठभागावर इतका सुबक, फिकट राखाडी ठसा दुसऱ्या कोणत्याही चूर्णाने उमटत नसल्यामुळे पोलिसांच्या पेटीत त्याचे ठाणे कायम राहिले, आणि वर्षानुवर्षे कुंचल्याने उडणारी पाऱ्याची सूक्ष्म धूळ गुन्हेगारांऐवजी त्यांचा माग काढणाऱ्यांच्याच शरीरात साचत गेली. शिशाचा सफेता हाही याच कामी वापरला जाई, आणि त्याची ख्याती पाऱ्याहून फारशी उजवी नव्हती.

धोका ठाऊक झाल्यावरही असल्या भुकट्या लगेच टाकून का देता आल्या नाहीत, हे समजून घ्यावयाचे तर भुकटीकडून नेमके कोणते काम अपेक्षित असते ते पाहिले पाहिजे. वरवर पाहता ते सोपे वाटते: ठशावर भुकटी चिकटावी आणि ठसा दिसावा. परंतु चिकटणे हा त्या कामाचा निम्माच भाग आहे, आणि तोही सोपा निम्मा. बोटावरील दोन रेषांमधले अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्या रेषेवर चिकटलेली भुकटी शेजारच्या पन्हळीत मुळीच चिकटली नाही, तरच रेषा कोठे दुभंगली, कोठे संपली, हे तज्ज्ञाला वाचता येते. जी भुकटी काचेलाही धरते आणि ठशालाही धरते ती निरुपयोगी, आणि जी दोन्हींवरून निसटते तीही निरुपयोगी. तेव्हा भुकटीची पारख तिच्या चिकटपणापेक्षा तिच्या विवेकावरून करावी लागते, आणि रंगवलेल्या मातीची महती ज्या कारणासाठी सांगावयाची, ते कारण हेच आहे: हा विवेक तिला प्रयोगशाळेत हवा तसा शिकवता येतो.

आता हा विवेक कशाच्या आधारावर चालतो ते पाहू. बोट ज्या वस्तूला लागते त्या वस्तूवर घामाचा एक अत्यंत पातळ थर मागे राहतो. तळहातावर आणि बोटांच्या टोकांवर तेलग्रंथी नसतात, फक्त घर्मग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात शेकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक पाणी, आणि उरलेल्या अल्प अंशात मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल व सेरीनसारखी अमिनो आम्ले असतात. पण माणूस दिवसभर नकळत कपाळाला, नाकाला, केसांना हात लावीत असतो, आणि तेथील स्निग्ध द्रव्ये, म्हणजे मेदाम्ले, मेणासारखी एस्टरे आणि स्क्वालीन, बोटांवर येतात. ताज्या ठशावर भुकटी धरली जाते ती मुख्यतः ओलाव्यामुळे. पाणी उडून गेले की तो भार या स्निग्ध अंशावर पडतो. लहान मुलांचे ठसे मोठ्या माणसांच्या ठशांपेक्षा लवकर नाहीसे होतात, ही गोष्ट अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॉक्सव्हिल शहरात १९९३ साली एका अपहरणाच्या तपासात ठळकपणे जाणवली, आणि पुढील संशोधनात त्याचे कारणही हाती आले: वयात येण्यापूर्वी त्वचेवरील स्निग्ध द्रव्ये हलकी व उडून जाणारी असतात, जड, टिकाऊ एस्टरे नंतर येतात. ज्या बळी पडलेल्या बालकाचा ठसा मोटारीत सापडावा म्हणून तपासनीस जिवाचे रान करतात, नेमका त्याचाच ठसा सर्वांत अल्पायुषी असावा, हा निसर्गाचा क्रूर न्याय म्हणावा लागेल.

काजळी, ग्रॅफाइट, ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे, लोहचूर्ण आणि ते फिरवणारी चुंबकाची कांडी अशी भुकट्यांची परंपरा मोठी आहे. तिच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की यातील बहुतेक भुकट्या दोन पदार्थांचे मिश्रण असतात: एक ठशाला धरणारा, म्हणजे राळ, स्टार्च, चिनी माती किंवा सिलिका, आणि दुसरा डोळ्यांना दिसणारा, म्हणजे रंग. दोन्ही कोरडेच एकत्र घोटलेले असल्यामुळे त्यांची सोबत वरवरची असते. बाटली हलवताना जड कण तळाशी जातात, कुंचल्यावर रंग अधिक आणि राळ कमी येते, आणि सुटा रंग पन्हळीत बसून पार्श्वभूमी मळवतो. धरणारा कण आणि दिसणारा कण एकच असावा, अशी अपेक्षा यातून साहजिकच निर्माण झाली, आणि तिचे उत्तर मातीत सापडले.

अर्थात वाटेल त्या मातीत नव्हे. रसायनशास्त्र ज्या मातीचा येथे आश्रय करते ती स्मेक्टाइट कुळातील, आणि त्या कुळाचा प्रमुख म्हणजे माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून त्याला हे नाव पडले, आणि बेंटोनाइट या व्यापारी नावाने जी माती पोत्यांतून विकली जाते तिचा मुख्य घटक हाच. याचा प्रत्येक कण म्हणजे बांधणी न केलेली पोथी समजावी: पाने एकावर एक रचलेली, पण शिवलेली नाहीत. प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे असते; वर आणि खाली सिलिकॉनची जाळी आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा थर. या मधल्या थरात निसर्गाने एक बारीकशी अफरातफर करून ठेवली आहे. ज्या जागी तीन धनभारांचा ॲल्युमिनियम बसावयाचा, तेथे अनेक ठिकाणी दोनच धनभारांचा मॅग्नेशियम बसला आहे. हिशोबात एकेक भार कमी पडतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी दोन पानांच्या मधल्या फटीत सोडियमचे किंवा कॅल्शियमचे धनभारित आयन येऊन राहतात. ते तेथे कायमचे रहिवासी नसून भाडेकरू आहेत; त्यांच्याहून अधिक घट्ट बसणारा दुसरा धनभारित पाहुणा आला की त्यांना बाहेर पडावे लागते. शंभर ग्रॅम मातीत अशा अदलाबदलीची क्षमता साधारण ऐंशी ते शंभर मिलिइक्विव्हॅलंट भरते, तर चिनी मातीत ती जेमतेम तीन ते पंधरा; आणि सर्व पानांच्या दोन्ही बाजू मोजल्या तर एका ग्रॅम मातीचे क्षेत्रफळ सात-साडेसातशे चौरस मीटरांच्या घरात जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला या मातीची ओळख करून देण्याची वस्तुतः गरज नाही. तिच्याशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, फक्त नाव वेगळे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन विदर्भ-मराठवाड्यात जी कापसाची काळी जमीन तयार झाली, तिच्या चिकणमातीचा मुख्य अंश स्मेक्टाइटच आहे. पावसाळ्यात तिच्या पानांच्या फटींत पाणी शिरते आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की पाने मिटतात आणि शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात, घरांच्या भिंतींना तडे जातात. मुलतानी माती केसांतील तेल ओढून घेते, तेही याच कुळाच्या गुणामुळे. शेतातील माती उचलून पोलिसांच्या पेटीत घालता येत नाही, कारण तिच्यात चुनखडी, लोहाची ऑक्साइडे आणि गारगोटीची रेव असते. त्यासाठी कच्छ आणि बाडमेर येथील खाणींतून निघणारे बेंटोनाइटच शुद्ध करून घेतात. ते पाण्यात ढवळून ठेवले की रेव आणि जड कण तळाशी बसतात, आणि वर तरंगत राहणाऱ्या गढूळ द्रवात दोन मायक्रोमीटरहून लहान असे मातीचे कण उरतात. हवे असतात ते हेच.

रंगवण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. मातीच्या त्या पांढुरक्या द्रवात मिथिलीन ब्लू या गर्द निळ्या रंगाचे द्रावण थोडे थोडे घालीत ढवळत राहावे. हा रंग हाइन्रिक कारो याने १८७६ साली जर्मनीत प्रथम तयार केला. त्याचा रेणू पाण्यात धनभारित असतो, म्हणून सोडियमला हुसकून तो मातीच्या पानांत शिरतो. काचेच्या कांडीने त्या मिश्रणाचा एक थेंब गाळणकागदावर टाकला तर मध्ये मातीचा निळा ठिपका पडतो आणि भोवती पसरणारे पाणी स्वच्छ, बिनरंगी असते: ओतलेला सगळा रंग मातीने गिळला आहे. आणखी रंग घालावा, पुन्हा थेंब टाकावा. असे करता करता एका क्षणी ठिपक्याभोवती फिकट आकाशी कडे उमटते, आणि ढवळूनही ते जात नाही. मातीतील जागा संपल्या, आता जादा रंग पाण्यातच हिंडतो आहे, अशी ती वर्दी असते. ओतकामाच्या कारखान्यांत साच्याच्या वाळूत बेंटोनाइट किती जिवंत आहे हे अजमावण्यासाठी हीच परीक्षा नित्य करतात. ठशाच्या भुकटीसाठी मात्र त्या कड्यापर्यंत जाऊ नये, अलीकडेच थांबावे. मग माती गाळून, धुऊन, मंद आचेवर वाळवून, खलात घोटून, तलम चाळणीतून चाळून घ्यावी. धुण्याचे पाणी स्वच्छ निघाले पाहिजे. ते निळे निघाले तर काम कच्चे राहिले असे समजावे.

अलीकडे थांबावे असे म्हटले त्याला कारण आहे. पानांच्या फटीत रंगाच्या रेणूंची दाटी झाली की ते एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा स्वभाव पालटतो; मिथिलीन ब्लू निळ्याचा जांभळट होतो, आणि ऱ्होडामीनसारखा जो रंग प्रकाश पडताच स्वतः उजळतो, त्याची ती दीप्ती मालवते. म्हणजे अधिक रंग घातला की भुकटी अधिक उजळेल हा सामान्य व्यवहाराचा हिशोब येथे उलटतो. यावर रसायनज्ञांनी काढलेली तोड फार चतुर आहे. रंगाबरोबर ते लांब शेपटीचा, धनभारित असा दुसरा एक रेणू मातीत शिरवतात. जखमा धुण्याच्या जंतुनाशकांत जे सेट्रिमाइड असते त्याच्या जातीचा. हे रेणू रंगाच्या रेणूंमध्ये बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून दीप्ती टिकते. आणि त्यांच्या तेलकट शेपट्यांमुळे पाण्याची ओढ असणारी माती स्निग्ध पदार्थांकडे झुकते. पाणी उडून गेलेल्या, केवळ स्निग्धांशावर तग धरून असलेल्या ठशाला अशी भुकटी अधिक मानवते हे उघड आहे. शेपटीची लांबी, तिचे प्रमाण, रंगाची मात्रा, यांपैकी जे बदलावे तसा भुकटीचा कल बदलतो. वर ज्याला विवेक म्हटले तो असा मोजून-मापून घालता येतो. काजळीच्या बाबतीत अशी मुभा कधीच नव्हती.

मातीच्या पोटात रंग कोंडण्याची ही युक्ती आधुनिकही नाही. मेक्सिकोतील माया लोकांनी पॅलिगोर्स्काइट नावाच्या दुसऱ्या एका मातीत नीळ मुरवून जो निळा रंग केला, तो चिचेन इत्झा येथील भिंतींवर शतकानुशतके टिकला असून तीव्र आम्लालाही दाद देत नाही. त्या मातीची रचना पानांची नसून पोकळ नळ्यांची आहे, एवढाच फरक.

दीप्तिमान रंगाचा खरा उपयोग रंगीबेरंगी पार्श्वभूमीवर होतो. शीतपेयाच्या डब्यावर किंवा मासिकाच्या गुळगुळीत वेष्टनावर काळी भुकटी टाकली तर ठसा आणि चित्र यांची सरमिसळ होते. १९७७ साली कॅनडात डॅलरिंपल, डफ आणि मेंझेल या तिघांनी लेसरच्या प्रकाशात ठशातील द्रव्येच अल्पशी उजळतात हे दाखवले, आणि तेव्हापासून प्रकाश हे या शास्त्राचे एक मुख्य हत्यार झाले. ऱ्होडामीन धारण केलेल्या मातीवर हिरवा प्रकाश टाकावा आणि नारिंगी काचेतून पाहावे: परावर्तित हिरवा प्रकाश काच अडवते, मागचे चित्र अंधारात बुडते, आणि रेषा तेवढ्या पिवळट-नारिंगी झळाळतात.

भुकटी कितीही गुणी असली तरी हात अनाडी असेल तर व्यर्थ. खारीच्या केसांचा किंवा काचतंतूंचा मऊ कुंचला भुकटीत जेमतेम टेकवून, झटकून, त्याचे टोकच तेवढे पृष्ठभागावरून फिरवावयाचे. पहिली रेषा दिसताच तिच्या वळणाच्या दिशेने कुंचला न्यावयाचा, आणि ठसा पुरता उठला की थांबावयाचे. नवशिक्याचा हात नेमका येथेच थांबत नाही. आणखी स्पष्ट करण्याच्या हौसेने तो पन्हळी बुजवतो आणि पुरावा स्वहस्ते पुसून टाकतो. नंतर मोजपट्टीसह छायाचित्र, मग पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून कार्डावर बसवणे, त्यावर पंचांच्या सह्या, आणि मुद्देमालाच्या यादीत नोंद, हा क्रम. कोकणात आषाढात हे काम करावयाचे झाल्यास साध्या मातीची भुकटी हवेतील ओल पिऊन गोळा होते. स्निग्ध केलेली माती तो त्रास बराच कमी देते, तरीही बाटलीचे बूच घट्ट असलेले बरे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काच, चिनी मातीची भांडी, स्टीलचा पेला, रंग दिलेले लोखंडी कपाट, प्लास्टिक अशा गुळगुळीत, कोरड्या आणि द्रव न शोषणाऱ्या वस्तू हेच तिचे क्षेत्र. कागदात घाम मुरतो. तेथे अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारे निनहायड्रिन लागते, ज्याचा हा उपयोग स्वीडनमध्ये १९५४ साली सुचवला गेला. भिजलेल्या मोटारीवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कण साबणपाण्यात कालवून फवारतात. शिवाय माती म्हणजे निरुपद्रवी, असा समज करून घेणेही बरोबर नाही. पारा आणि शिसे यांच्या मानाने ती सौम्य खरीच. परंतु नीट शुद्ध न केलेल्या बेंटोनाइटमध्ये गारेचे सूक्ष्म कण राहतात, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक असते. ऱ्होडामीनही खाण्याच्या पदार्थांत वर्ज्य आहे. तोंडावर मुखपट्टी आणि हातात मोजे हे लँकेशायरच्या अनुभवानंतर तरी ऐच्छिक मानता कामा नयेत. तोच कुंचला एका घरातून दुसऱ्या घरात नेला तर एकाच्या त्वचेचे कण, आणि त्यांच्याबरोबर डीएनए, दुसऱ्याच्या वस्तूवर जाऊ शकतो, हे भान अलीकडच्या काळात आले आहे.

राहता राहिला प्रश्न, उमटलेला ठसा न्यायालयात किती बोलतो हा. या बाबतीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. विल्यम हर्शेल याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाच्या करारनाम्यावर पंजाचा छाप घेतला, तो सही नाकारता येऊ नये म्हणून. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र दप्तर उघडले. एडवर्ड हेन्रीच्या नावाने जी वर्गीकरणाची पद्धत जगभर गेली तिची गणिती घडी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी बसवली होती. आणि १८९९ च्या कायद्याने पुराव्याच्या अधिनियमातील कलम ४५ मध्ये अंगुलिमुद्रेच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद झाली.

त्याच सुमारास जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या स्थितीत सापडला. तिजोरी फोडलेली होती, आणि कागदपत्रांच्या पेटीत एका बंगाली पंचांगाच्या निळ्या वेष्टनावर रक्ताचे दोन तपकिरी डाग होते. त्यांपैकी एका डागातील ठशाला कोणत्याही भुकटीची गरज नव्हती. तो उघड्या डोळ्यांना दिसत होता. कलकत्त्याच्या दप्तरातील नोंदींशी ताडून पाहता तो कांगाली चरण नावाच्या एका जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याचा निघाला. याच व्यवस्थापकाच्या फिर्यादीवरून त्याने पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगली होती. खटला १८९८ साली चालला. रक्ताने माखलेल्या अंगठ्याने त्या मनुष्याने ते पंचांग हाताळले होते, एवढे न्यायालयाने मान्य केले. परंतु सुरी त्यानेच चालवली, असे पाहणारा कोणी नव्हता, आणि अंगठ्याच्या रेषांत ते लिहिलेलेही नव्हते. चोरीच्या आरोपाखाली त्यास शिक्षा झाली, आणि खुनाच्या आरोपातून तो सुटला.